मशीन नीट झालं की कळवते

११ जानेवारी

ताई,

तुम्ही फोन सोडून पत्रावर आलात हे बरं झालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. दोघी नुसत्या 'हो, हो' म्हणतो आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की कुणीच कुणाला काही सांगितलं नाही.

इथली बातमी एवढीच, की भांडी धुवायचं मशीन बंद पडलं. परवा मधेच घुंघुं करून थांबलं. दार उघडलं तर तळाशी गढूळ पाणी साचलेलं आणि वर तेलाचा तवंग. कपाने उपसून बादलीत काढलं. अर्धा दिवस त्यातच गेला. नाहीतरी दिवसाचं दुसरं काय करायचं होतं?

मेकॅनिक येऊन गेला. इतका उंच, की ओट्याखाली शिरायला त्याला स्वतःच्या घड्या घालाव्या लागल्या. आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे मॉडेल कंपनीने बनवायचं बंद केलं त्यालाही जमाना झाला. भंगारात द्या, नवं घ्या." मी म्हटलं, "तुमचंही मॉडेल जुनंच दिसतंय. तुम्हाला दिलं का कुणी भंगारात?" हसला. पण पाना पेटीत टाकून उठलाच. दारातून म्हणाला, पंप धरलाय, कुणाच्या जुन्या मशीनचा मिळाला तर बघतो.

शेजारीण म्हणते, एकट्या माणसाची दोन भांडी, नळाखाली धरली की झालं. खरं आहे तिचं. लायब्ररीतल्या बाईही तेच म्हणाल्या. सगळ्यांचं म्हणणं खरं आहे, पण मला ते मशीन चालायला हवंय.

तोवर त्याचं माहितीपुस्तक वाचून काढलं. शाळा लवकर सुटली माझी, पण छापलेला कागद दिसला की मी तो खालपर्यंत वाचते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात लिहिलंय, मशीन रोज चालवलं नाही तर दाराचं रबर सुकतं आणि पंप धरतो. म्हणजे घरात माणसं कमी झाली की तेही बिघडतं.

मी बरी आहे. जेवण उभ्याने होतं, ओट्याशीच. ताट घेऊन टेबलावर बसले की समोरची खुर्ची दिसते. ती हलवून ठेवली तर तिथली रिकामी जागा दिसते. म्हणून ओटाच बरा.

तुमची वहिनी


२४ जानेवारी

वहिनीबाई,

अगं, टाक की ते धूड काढून! ठोंब्याने आणलं तेव्हाच म्हातारं होतं ते. आपल्याकडे ती शिकणारी मुलं जेवायला असायची म्हणून एवढं मोठं आणलं त्याने. आता तू एकटी. त्यात बसून आंघोळ करणार आहेस का?

ठोंब्याची आठवण म्हणून ठेवत असशील तर त्याचा फोटो आहे की भिंतीवर. त्याला ना पंप लागत, ना रबर. चिडू नकोस, मी पण त्याला रोज आठवते. माझा धाकटा भाऊ माझ्याआधी गेला, हे अजून मला उद्धटपणाचंच वाटतं. मोठ्यांच्या आधी ताटावरून उठू नये, एवढं तरी शिकवलं होतं त्याला.

आमच्याकडेही नवं मशीन आलंय. झालं की गाणं वाजवतं, म्हणे. मला काही ते ऐकू येत नाही, पण नात नाचून दाखवते त्यावरून कळतं. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही त्याला हात लावू नका, बटणं नाजूक आहेत." म्हणून मी नाही लावत. त्यात न मावणारी पातेली, झाकणं, कढया मी हाताने घासते. हौस गं माझी, दुसरं काय! पाण्यात हात घातला की मला बरं वाटतं. थंडीने बोटांना भेगा पडल्यात म्हणून अक्षर असं वेडंवाकडं आलंय, समजून घे.

चिरंजीव मजेत. फार काम असतं त्याला. परवा जिन्यात भेटला होता.

आणि हो, एक विचारायचं होतं. मागच्या खोलीत हल्ली काय असतं? खिडकी उघडते का अजून? माझं लग्न होईपर्यंत माझी खोली होती ती, म्हणून सहज आठवली.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

मागच्या खोलीत ह्यांची खोकी आहेत, इस्त्रीचं टेबल आहे आणि पाण्याने फुगलेलं एक कपाट आहे. खिडकी उघडते, पण हिसका द्यावा लागतो. ह्यांचं काही हवं असेल तर सरळ सांगा. आडून विचारू नका, मी नाही म्हणणार नाही.

मेकॅनिक पंप घेऊन आला. कुणाच्या तरी मेलेल्या मशीनमधून काढलेला. बसवला आणि मशीन सुरू झालं. आवाज ऐकून मी भिंतीला धरून उभी राहिले. त्या माणसाला वाटलं मला चक्कर आली. म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?" मी म्हटलं, मशीनला द्या.

आता तुम्ही आठवणीचं लिहिलंत, त्याचं उत्तर देते. आठवण म्हणून मी ते ठेवलेलं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे भांडी हे लावायचे. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बायका म्हणायच्या, काय नशीब आहे बाईचं, नवरा भांडी लावतो. ते कसे लावायचे ते कुणी बघितलं नाही. आधी मी लावायची. ताटल्या खालच्या जाळीत, कप-वाट्या वर, चमचे डब्यात. मग हे यायचे, दार उघडायचे, एक सुस्कारा टाकायचे. आणि मी ठेवलेलं एकूण एक भांडं बाहेर काढून ओट्यावर मांडायचे. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा आत. मी ठेवलेली एकही ताटली माझ्या जागेवर कधी राहिली नाही. ओरडले कधीच नाहीत. ओरडले असते तर भांडता आलं असतं. सुस्काऱ्याशी कसं भांडणार? पुढे पुढे मी उष्टी भांडी ओट्यावर ठेवून बाहेर निघून जायला लागले. आजारपणात उभं राहवेना तेव्हा खुर्ची मशीनसमोर ओढून बसायचे आणि थरथरत्या हाताने एकेक ताटली लावायचे. मी म्हटलं, आज मी लावते, तुम्ही पडा. तर म्हणाले, "तुला नाही जमायचं."

मला एकदा, फक्त एकदा, माझ्या हाताने लावलेली भांडी त्या मशीनमध्ये धुऊन बघायची आहेत. हसायचं तर हसा.

आता त्यातली अडचण सांगते. माझ्या एकटीच्या भांड्यांनी ते भरतच नाही. ठेवून ठेवून भरावं तर आत वास सुटतो. म्हणून मी कपाटातल्या धुतलेल्या ताटल्या काढल्या, त्यांना जरा जरा तेल-कालवण फासलं आणि लावल्या. खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. शेजारीण बघती तर तिने डॉक्टरच आणला असता. सगळं माझ्या पद्धतीने लावलं, बटण दाबलं. थोडा वेळ नीट चाललं आणि मग दाराखालून पाणी यायला लागलं. दाराचं रबर आक्रसलंय. सगळी जमीन ओली. मधेच बंद करावं लागलं. अर्धवट धुतलेली, साबणाने माखलेली भांडी काढून मी हाताने धुतली. रडले नाही. रडण्यासारखं नव्हतंच त्यात काही.

त्या मापाचं रबर आता मिळत नाही. मेकॅनिक शोधतोय.

वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हसले नाही.

तुला एक सांगायला हवं. मला वाटलं होतं ठोंब्याने सांगितलं असेल. पण तो कसला सांगतोय!

आम्ही लहान असताना भांडी घासायचं काम आम्हा दोघांकडे होतं. त्याच ओट्याशी, आता जिथे मशीन आहे ना, तिथेच. मी घासायची आणि तो स्टुलावर उभा राहून विसळायचा. हात पुरायचा नाही त्याचा. भांडी वाळली की आई यायची आणि एकेका ताटलीवर बोट फिरवायची. एका जरी ताटलीला बोट ओशट लागलं की सगळा ढीग परत. सगळाच, ती एकच ताटली नाही. पहिल्यापासून पुन्हा घासा. आणि मार मिळायचा तो त्याला. मुलीच्या अंगावर हात टाकायचा नाही, असा आईचा नियम होता. म्हणजे ताटली खराब घासली मी आणि थोबाडीत बसायची त्याला. तो कधी माझं नाव सांगायचा नाही. पुढे पुढे मी घासलेली ताटली तो उजेडाकडे धरून बघायला लागला आणि गुपचूप परत घासायला लागला. दुसऱ्याने धुतलेल्या भांड्यावर त्याचा विश्वासच बसेना. तो तुला कमी लेखत नव्हता गं. तो घाबरत होता. आई गेली तरी तिचं बोट काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

हे कळलं की तुझा राग जाईल असं मला वाटतं.

आणि मला खोलीतलं काही नको, ठोंब्याचं काही नको. आडून विचारलं ते वेगळ्यासाठी. सरळ विचार म्हणालीस म्हणून विचारते. मी तुझ्याकडे राहायला येऊ का? इथे काही कमी नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. पण नात मोठी झाली, तिला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी. सूनबाई म्हणते, आईंना हवापालट झाला तर बरं. मी तशी कुणाला जड नाही. खाते थोडं, ऐकू तर काहीच येत नाही, तुला हवं ते बोल! भांडी मी घासेन. मशीनची गरजच पडायची नाही. भाऊ नसला तरी वहिनी आहे, तेवढं माहेर मला पुरे.

तुला नको असेल तर तसं लिही. मी मनाला लावून घेणार नाही.

ताई


१५ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा उठले.

तुमच्या पत्राने माझा राग जाईल असं तुम्हाला वाटलं. तो गेला नाही, त्याला आता आणखी दोन माणसं मिळाली. म्हणजे सगळ्या संसारभर मी तुमच्या आईच्या थोबाडीची किंमत भरत होते. मारलं त्यांनी, खाल्लं ह्यांनी आणि सोसलं मी, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही, की बाई, हे तुझं नाही. मी सासूबाईंना बघितलं ते अंथरुणावर. त्यांचं सगळं मी केलं. ज्या बोटाचं तुम्ही लिहिता, त्याच बोटाची नखं मी कापलीत.

आणि तुम्हाला ठाऊक होतं. हेच मला गिळता येत नाही. तुम्ही दर सुट्टीत यायचात, त्या टेबलाशी बसून हे सगळं बघायचात. मी लावलेल्या ताटल्या ह्यांनी बाहेर काढल्या की तुम्ही हसायचात. "वहिनीला नाहीच जमायचं, ठोंब्यालाच जमतं बाई," असं म्हणायचात, त्या जेवायला येणाऱ्या मुलांसमोर. तीही हसायची. एका शब्दाने मला बाजूला नेऊन सांगितलं असतंत, तर मी दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाशी वेगळी वागले असते. त्यांच्या हातातली ताटली घेऊन म्हणाले असते, आता कुणी बोट फिरवायला येणार नाही. आता कुणाला म्हणू?

घाबरणाऱ्या माणसाबरोबर मी राहिले आणि तो मला नावं ठेवतोय असं समजत राहिले, तो मेला तेव्हासुद्धा मी मनातून थोडी फुरंगटलेलीच होते. हे मला परत नीट करता येणार नाही. मशीनला निदान रबर तरी मिळेल.

तुमच्या येण्याबद्दल. नाही म्हणत नाही. घर जितकं माझं तितकं तुमचं. पण आत्ता लगेच नको. ते मशीन एकदा पूर्ण चालू द्या. त्या स्वयंपाकघरात मला एकदा माझी भांडी माझ्या पद्धतीने धुऊन घ्यायची आहेत, तुमच्या घरातलं कुणीही बघत नसताना. मग या. मेकॅनिक म्हणतो, दुसऱ्या गावातल्या एका दुकानात रबर असेल, चौकशी करतोय. किती दिवस लागतील सांगता येत नाही. मशीन नीट झालं की कळवते.

वहिनी


२२ मार्च

वहिनी,

बरं. कळव. घाई काही नाही.

मी हसायची हे खरं आहे. आईला कुणी हसवलं की तिचा उगारलेला हात मागे जायचा, म्हणून लहानपणापासून मला ती खोड लागली. ठोंब्या भांड्यांशी गेला की माझं तोंड आपोआप चालू व्हायचं. आई घरात नसली तरी, मेल्यावरसुद्धा. तुझ्यावर हसत होते असं मला कधी वाटलंच नाही. पण तुला ते तसं लागलं, तर ते तसंच होतं म्हणायचं. माझ्याकडून दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

इकडे नातीची खोली रंगवून झाली. निळी केली. मी सध्या बैठकीत झोपते, सोफा मऊ आहे. माझी ट्रंक भरून दाराशी ठेवली आहे, येता-जाता सगळ्यांच्या पायाला लागते. चिरंजीव काल ठेचकाळला आणि म्हणाला, "आई, हे कधी उचलायचं?" मी म्हटलं, वहिनीचं मशीन नीट झालं की. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं मला ऐकू यायचं बंद झालं तसं डोकंही बंद झालं!

तुला रबर लवकर मिळो.

ताई


९ मे

ताई,

रबर मिळालं. मिळेपर्यंत फार दिवस गेले. पहिल्यांदा आलं ते आखूड निघालं. मेकॅनिकने ताणून बसवायचा प्रयत्न केला आणि ते मधोमध तुटलं. तो कपाळाला हात लावून खालीच बसला. म्हणाला, "बाई, एवढ्यात मी तीन मशीनं विकली असती." मी म्हटलं, "आणि ती तिन्ही दुरुस्त करायला परत तुम्हीच आला असतात." मग दुसरं मागवलं. ते बसलं.

या खेपेला मी तेल-कालवण फासलं नाही. शेजारणीकडे पाहुणे होते. मी तिला म्हटलं, तुझी उष्टी भांडी माझ्याकडे दे. ती म्हणाली, "काहीतरीच काय! तुम्ही का आमची उष्टी काढायची?" मी म्हटलं, मशीन तपासायचंय. दोन टोपल्या भरून दिली तिने. खरकटी, चिकट, तळाला दूध करपलेलं एक पातेलंसुद्धा. दार लावून घेतलं आणि माझ्या पद्धतीने लावली. ताटल्या खाली, कप-वाट्या वर. पातेलं कोपऱ्यात तिरकं. ह्यांनी पातेलं कधीच तसं ठेवू दिलं नसतं. बटण दाबलं आणि खुर्ची घेऊन समोर बसले. पाण्याचा एक थेंब बाहेर आला नाही.

झाल्यावर दार उघडलं. वाफ गेली. एकेक ताटली काढून मी तिच्यावर बोट फिरवलं, ताई. मी! तुमच्या आईसारखं. सगळी स्वच्छ होती. पातेलंसुद्धा.

मेकॅनिक पाना विसरला होता, तो न्यायला आला. त्याला विचारलं, भांडी लावायची बरोबर पद्धत कोणती? तो म्हणाला, आतला पाणी उडवणारा पंखा फिरायला जागा ठेवली की झालं, बाकी कशीही लावा. म्हणजे हे लावायचे तेही बरोबर होतं आणि मी लावायची तेही. मला वाटलं होतं मला आनंद होईल. मी ती सगळी भांडी ओट्यावर मांडून उभी राहिले आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. जिला हे दाखवावं असं या जगात एकच माणूस उरलंय आणि तिला मी येऊ नका म्हणून लिहिलं होतं.

तर आता या. खोली मोकळी केली. खोकी माळ्यावर टाकली, फुगलेलं कपाट काढून टाकलं. खिडकीची कड सुताराकडून तासून घेतली, आता हिसका द्यावा लागत नाही. पलंग खिडकीशी लावलाय. मनात राग आहे, तो आहे असं सांगूनच बोलावते. तो घेऊन दोघींना एका घरात राहता येईल. भांडायलाही कुणीतरी लागतं. आणि भांडी घासायला म्हणून येऊ नका. तुमच्या भेगा मला पत्रातून दिसल्या होत्या, मी त्या तेव्हा वाचल्या नाहीत.

कधी येता ते लिहा. मी तुम्हाला घ्यायला गाडीवर येते, ट्रंक तुम्हाला उचलावी लागणार नाही.

वहिनी


२० मे

वहिनी,

तुझं पत्र घरच्या पत्त्यावरून फिरून माझ्याकडे आलं. वरचा पत्ता नवा आहे, तो लिहून ठेव. हा वृद्धाश्रम आहे. गावाबाहेर, पण झाडं आहेत. एका खोलीत आम्ही दोघी. माझ्या सोबतिणीला दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं मस्त जमतं. दार वाजलं की ती मला हलवून सांगते, आणि दारात कोण आहे ते मी तिला.

एप्रिल संपेपर्यंत मी थांबले होते. चिरंजीव वाईट नाही, त्यानेही वाट बघितली. मग एक दिवस इथे घेऊन आला. इथल्या बाई चांगल्या आहेत. कागद भरताना त्यांनी मला समोर बसवून, मोठ्याने, मला ऐकू येईल असं विचारलं, "आजी, तुम्हाला सांभाळणारं दुसरं कुणी आहे का? माहेरचं कुणी?" चिरंजीव माझ्याकडे बघत होता. त्या वेळी तुझं मार्चमधलं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी ते मनात वाचून बघितलं आणि म्हटलं, "नाही, कुणी नाही."

तुझ्यावर राग धरून नाही म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटलं.

आता तू खोली केलीस, खिडकी तासून घेतलीस, वाचून डोळे भरले. पण मी येत नाही. तू काही वाईट लिहिलंस म्हणून नाही. मला आता ट्रंक भरून कुणाच्या दाराशी बसायचं नाही, एवढंच. इथे मला माझा पलंग आहे. तो कुणाच्या परवानगीचा नाही, आणि कशाच्या नीट होण्यावर थांबलेला नाही. जेवण झालं की ताट टेबलावर सोडून उठायचं, असा नियम आहे. पहिले काही दिवस मला ते जमेना, मी ताट घेऊन आत जायची आणि मुली परत पाठवायच्या. आता जमतं. मी ताट तिथेच सोडते आणि मागे वळून बघत नाही.

मशीन चालू झालं, छान झालं. तू हट्टी आहेस म्हणून झालं. ठोंब्या असता तर त्याने ते केव्हाच भंगारात दिलं असतं.

पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी भेटायला देतात. कुणी यायलाच हवं असं नाही.

ताई


२७ मे

ताई,

पत्र मिळालं.

मी तुम्हाला परत या म्हणून लिहीत नाही. तो हक्क माझा होता तेव्हा मी तो एका रबराच्या पट्टीपायी थांबवून ठेवला. आता तुम्ही नाही म्हणता, ते मला वाचता येतं.

एक मात्र दुरुस्त करते. कागदावर जे लिहिलंत ते चुकीचं आहे. तुम्हाला कुणी आहे. तिने उशीर केला, तो तिचा दोष. पण नाही असं नाही. त्या बाईंना सांगून तिथे माझा पत्ता घाला. तुम्ही घातला नाहीत तर मी येऊन घालेन.

हे गेल्यावर लोक मला विचारायचे, आता कसं करणार? मी म्हणायची, बघू. कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय, हे मला त्या दिवसांत दिसलंच नाही. माणूस गेल्याचं दुःख इतकं मोठं असतं, की त्याच्या आडोशाला बसून आपण जिवंत माणसांनाही थांबवून ठेवतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. तुमच्या पत्रात सापडलं.

पहिल्या रविवारी मी येते. तिसऱ्याही. भेटायचं की नाही, ते तुम्ही त्या दिवशी ठरवा, आधी कळवायची गरज नाही. नको वाटलं तर बाहेर येऊ नका, मी आत निरोपही पाठवणार नाही. फाटकाशी बसायला जागा असेलच, नसली तर उभी राहीन. भेटायची वेळ संपली की परत जाईन आणि पुढच्या खेपेला पुन्हा येईन.

या वेळी वाट मी बघेन.

तुमची वहिनी